खुटबावचा स्वच्छ धूर

हौसराव : (दम मोजायच्या नळीत फुंकून) चारशे तीस. लिवा.

झुंबरबाई : च्यात साखर कमी झालीया का?

सुलक्षणा : (वहीत बघत) सणसवाडीचा कारखान्यांचा रस्ता, हवेतला धूर नऊशे.

हौसराव : म्हशीला बी फुंकाया लावा एकदा. तिचा दम बघा.

झुंबरबाई : सरूबाईच्या सुनंला सातवा लागलाय, ताई.

सुलक्षणा : आप्पा, तुम्ही चाळीस वर्षं बिड्या ओढता आणि नळीचा काटा चारशे तीसवर नेता. कशाला बिघडवता माझा अभ्यास?

हौसराव : मंग संशोधन बंद करा आन् बिडी सुरू करा.

सुलक्षणा : बंदच होतंय. शेवटची फेरी ही. सोमवारी पुण्यात अहवाल मांडायचा. बावीस स्वयंपाकघरं, दोन वर्षं हवा मोजली. खुटबावच्या चुलीजवळची हवा सणसवाडीच्या रस्त्यापेक्षा स्वच्छ निघाली. म्हणजे चुलीचा धूर हा प्रश्नच नाही. हे छापून आलं की माझी नोकरी पक्की. हवेचं यंत्र आणता का, मावशी?

झुंबरबाई : आणते. पडवीत हाय.

सुलक्षणा : पडवीत? काल मी चुलीपाशी ठेवून गेले होते.

झुंबरबाई : व्हय की. चूल पेटवायच्या आधी उचलून पडवीत न्हेते, सैपाक झाला की पुन्ना जाग्यावर. तुमी सकाळी येता तवा तिथंच आसतं, आज च्यासाठी चूल पेटलीया म्हनून ऱ्हायलं.

सुलक्षणा : दर वेळी?

झुंबरबाई : दर वेळी. पुण्याची वस्तू, पांढरीफेक. काळी करून परत दिली तर लोक काय म्हनतील?

सुलक्षणा : आणि बाकीच्या घरांत?

हौसराव : हिनं उचलल्यावर बाकीच्या का मागं ऱ्हातील? एकीनं गोधडीत गुंडाळलं. सरूबाईनं तर देव्हाऱ्यात ठिवून हळदकुंकू वाहिलं.

सुलक्षणा : हळद.

झुंबरबाई : थोडीशीच.

सुलक्षणा : यंत्रातल्या चार गाळणकागदांवर पिवळं सापडलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत त्यावर तीन महिने भांडणं झाली. शेवटी सरांनी ठरवलं, गंधक. सणसवाडीहून वाऱ्यानं आलेलं. अहवालात एक अख्खं प्रकरण आहे गंधकावर.

हौसराव : सरूबाईला सांगतो. लई खूश व्हईल.

सुलक्षणा : आप्पा, हसू नका.

हौसराव : न्हाई हसत. ठसका लागला.

सुलक्षणा : मावशी, तुमचा दोन वर्षांपूर्वीचा, पंचाण्णव सालचा कागद इथं आहे. पहिल्या दिवशी काटा एकशे साठवर थांबला. बिडी नाही, तंबाखू नाही, हवा स्वच्छ, मग एकशे साठ कसे? म्हणून मी तो आकडा खोडला. पुढं लिहिलं, 'यांना नीट फुंकता येत नाही.'

हौसराव : हिला फुंकता येत न्हाई? पंचवीस वर्सं चूल फुंकतीया.

सुलक्षणा : पुन्हा फुंका. एकदाच, जोरात.

(झुंबरबाई नळी तोंडाला लावते. फुंकते. मग बराच वेळ खोकते.)

सुलक्षणा : एकशे वीस.

हौसराव : म्हंजी माझ्यापेक्षा कमी?

सुलक्षणा : तुमच्या पाव हिस्सा, आप्पा. पाव आणि थोडा.

हौसराव : आन् मी हिला म्हनायचो, आडातनं दोन हंडं आनताना कुठं बसतीस गं सारखी.

झुंबरबाई : सोडा वो. ताई, सोमवारचं काय आता?

सुलक्षणा : जाईन आणि सांगेन, की दोन वर्षं मी बावीस पडव्यांची हवा मोजली.

हौसराव : नोकरी?

सुलक्षणा : सर आधी गंधकावरून ओरडतील. नोकरीची पाळी त्यानंतर.

झुंबरबाई : आन् यंत्र?

सुलक्षणा : राहू दे इथंच. चुलीला चिकटून. भाकरी थापताना उचलायचं नाही.

झुंबरबाई : काळं व्हईल.

सुलक्षणा : होऊ दे.

हौसराव : मी बसतो राखन. हात लावू देत न्हाई हिला.

झुंबरबाई : तुमी राखन बसनार आन् बिडी ओढनार, मंग त्यो धूर कुनाच्या नावावर?

सुलक्षणा : आप्पा, तुम्ही पडवीत बसायचं.

झुंबरबाई : ताई.

सुलक्षणा : बोला.

झुंबरबाई : त्या पहिल्या दिवशी मी पुरं फुंकलं व्हतं.