दहाव्याला दिलेला शब्द

चहा घ्या, पण त्या नगरसेवकाचं कौतुक माझ्यासमोर नको. आमच्या गल्लीतल्या शांतामावशी गेल्या ना, त्यांच्या दहाव्याचं सांगतो. मावशींनी जन्मभर पंचवटीत देवळाच्या कोपऱ्यावर फुलं विकली. सिंहस्थाच्या तयारीत याच माणसाने त्यांना तिथून उठवलं. मावशींनी हाय खाल्ली ती कायमचीच.

दहाव्याला गोदाकाठी भाषण ठोकायला हाच हजर! "मावशी म्हणजे पंचवटीचं भूषण!" इकडे पिंडाला कावळा काही शिवेना. मुलाने वचनं दिली, सुनेने दिली, कावळा आपला झाडावरच. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, त्यांचा जीव जागेत अडकलाय. तुम्हीच बोला."

एवढ्या लोकांसमोर करतो काय? हात जोडले. "मावशी, तुमची जागा सुनेला परत देतो. माझा शब्द आहे."

कावळा झपकन खाली आला आणि शिवला. बायकांना रडू आवरेना.

पुढच्या आठवड्यात सुनेला घेऊन त्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

हसला हो तो! म्हणाला, "अहो, तो कावळ्याला दिला होता. त्याची काही तक्रार आहे का?"