गुरांच्या बाजाराची जागा

अकोल्यात बाळापूरच्या मोटारीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर लोकल बोर्डाचे एक मेंबर धाकट्या बहिणीशी बोलत होते.

“जमुना, आपल्या गावात आता गुरांचा बाजार भरन. बोर्डानं मंजूर केला.”

“लय चांगलं झालं, दादा. जागा कोनती देल्ली?”

“नाल्याकाठचं गायरान. सडकेले लागून हाये, पान्याची सोय हाये. म्याच दाखवलं सायबाले.”

“सारं गायरान?”

“सारं. निंबापासून नांगर लावून सपाट करून राहिले.”

“कोन्या निंबापासून?”

“गायरानात निंब एकच हाये. काहून वं, अशी काहून पाहून राहिली?”

“दादा, त्या निंबाखाली माहं तान्हं लेकरू हाये.”

मेंबरांच्या हातातली टोपी खाली पडली.

“तुह्याच हातानं मातीत ठेवलं तू त्याले. मी बाळंतीण, मले कोनी येऊ नाई देल्लं.”

“अवं बापा! माह्या ध्यानातच नाई आलं, जमुना.”

“आज चालू हाये नांगर?”

“सकाळपासून.”

मोटार आली. ती चढली. मेंबर बाकावरच बसून राहिले.

“ऊठ, दादा. नेमकी जागा तुलेच ठाऊक हाये.”