चारशे बारा पावलं

दाताच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई सुजलेला गाल सांभाळत बसल्या होत्या. जरा हसू आलं की कळ मस्तकात जायची. शेजारच्याच बाकावर नवरा-बायकोची जुंपली होती.

“काल हे पावलं मोजणारं घड्याळ तुझ्या हातात होतं. दिवसभरात चारशे बारा पावलं! आणि म्हणे पाय दुखतात. आजपासून बाजारहाट तूच कर, तेवढंच चालणं होईल.”

“अहो, मी दिवसभर हॉस्पिटलात पेशंटची ट्रॉली ढकलते. दोन्ही हात दांड्यावर. हातच हलत नाही, तर ते मोजणार काय, कपाळ?”

“यंत्र खोटं बोलत नाही. परवा मी नऊ हजार चाललो.”

“परवा तुम्ही सोफ्यावर बसून अंपायरला हातवारे करत होतात.”

“काहीतरीच! बसल्या जागी पावलं पडतात होय?”

“हात आवरा, त्या बाईंना लागेल.”

“नाही आवरत! हा बघ, असा हलवला, असा हलवला, म्हणून काय लगेच...”

नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि गोड सुरात वाजलं.

“काय म्हणतंय?”

“दहा हजार पूर्ण. अभिनंदन.”

शिक्षिकाबाईंनी गाल दोन्ही हातांनी दाबून धरला.

“इतकं चालून आलात, दमला असाल. जरा टेका, मग बाजारात जा.”