राजपुत्राच्या आईचा दुखवटा

बेल्जियमचा राजा गेल्याचं कळलं आणि ब्रसेल्सच्या राजवाड्यापुढे अंत्यदर्शनाची रांग लागली. नुकतीच बायको गेलेला फिर्मां रांगेत होता. त्याच्या पुढे, काँगो बेल्जियमच्या ताब्यात असताना तिथल्या मिशनमध्ये वाढलेल्या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या; तो ऐकत होता.

"पाय सुजले गं ओडिल. घरी जाऊ या."

"नाही ताई. लहानपणी याच्यासाठी रडलोय आपण. तोंड बघूनच जाईन."

"याची आई अपघातात गेली तेव्हा ना? 'राजपुत्र पोरका झाला' म्हणून सिस्टरनी दिवसभर गुडघ्यांवर बसवलं होतं."

"आणि आपल्याला आयांच्या कुशीतून ओढून आणलेलं!"

"बाप गोरे ना आपले! गोऱ्यांची पोरं काळ्या आईजवळ कशी ठेवतील?"

"त्याच दिवशी माझी आई फाटकाशी आली होती, ताई. केळी घेऊन. मी खिडकीतून पाहिलं."

"मग?"

"सिस्टर म्हणाल्या, आज दुखवटा आहे, भेट नाही. माझा खांदा दाबून मला खाली बसवलं."

"नंतर आली?"

"कधीच नाही."

"आणि तरी तू याला बघायला आलीस?"

"याच्या आईसाठी रडले, तेवढंच आईसाठी रडायला मिळालं मला. तिचं थडगं साऱ्या देशाला ठाऊक आहे. माझी आई कुठे पुरली, ते मला अजून कळायचंय."