बिनडोक्याच्या पुतळ्यासमोर

शिंपी : ...सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, फादर. बायको घर सोडून गेल्यापासून माझ्या हातून एकही पाप घडलेलं नाही.

फादर : ती सोडून गेली, हेच एक धरा ना.

शिंपी : गेली ती. मी कुठे गेलो? मी मशीनपाशीच होतो.

फादर : रोज संध्याकाळी आत्मपरीक्षण करता की नाही?

शिंपी : लग्न झाल्यापासून, नेमाने! फक्त आमच्यात एक सोय होती. माझं ती करायची, तिचं मी.

फादर : म्हणजे?

शिंपी : कोट पाठीवर कसा बसलाय, ते दुसऱ्यानेच बघायचं असतं. दुकान बंद केलं की समोरासमोर बसायचो. ती माझे दोष काढायची, मी तिचे. मग प्रभूची क्षमा मागायची आणि जेवायला बसायचं.

फादर : अहो, परीक्षण स्वतःचं करायचं असतं!

शिंपी : दुसऱ्याचं पटकन होतं, फादर. मनही रमतं.

फादर : मग बिनसलं कुठे?

शिंपी : त्या दिवशी तिने विचारलं, आज माझं काय चुकलं? मी काजं करत होतो. म्हटलं, नेहमीचंच, बोलतेस फार. तर कसंबसं म्हणते, सकाळपासून मी अवाक्षर काढलेलं नाही. घसा बसलाय माझा.

फादर : आणि तुम्हाला पत्ताच नाही.

शिंपी : काजं फार बारीक होती हो. बरं, आता खरी गंमत ऐका. जरा मोठ्याने सांगतो.

फादर : मी हातभर अंतरावर बसलोय!

शिंपी : आत कोणीतरी वेदीची कापडं शिवतंय ना, त्या मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकू नाही यायचं. तर, कपडे चढवून बघायचा आमचा तो एकुलता एक पुतळा. बिनडोक्याचा. त्याला तिच्या खुर्चीत बसवला, तिची शाल पांघरली आणि म्हटलं, काढ माझे दोष!

फादर : आणि पुतळा बोलला.

शिंपी : बोलला? सोलून काढलं मला!

फादर : तोंड नसताना?

शिंपी : आतून, पोटातून. पहिल्याच संध्याकाळी म्हणतो कसा, आधी आभार. दिवसभरात काय काय मिळालं ते आठव, देवाचे आभार मान, मग दोषांकडे ये.

फादर : पुतळ्याचं बरोबर आहे. सुरुवात तिथूनच करायची असते.

शिंपी : आम्ही तेवढं गाळायचो. जेवण निवायचं. आता पुतळ्याचा दरारा असा, की पँट आखूड करायला आलेला हवालदार त्याच्यासमोर गुडघे टेकून हमसून हमसून रडला. पँट तिथेच टाकून घरी गेला!

फादर : भर रस्त्यातून? चड्डीवर?

शिंपी : मन साफ झालेल्या माणसाला कसली लाज!

फादर : हवालदाराचं राहू द्या. तुम्ही आभार कशाचे मानलेत?

शिंपी : सुयांचे.

फादर : सुयांचे?

शिंपी : मला आता सुईचं भोक दिसत नाही, फादर. पण सकाळी दुकान उघडलं की सगळ्या सुया दोरा ओवून तयार असायच्या. मला वाटायचं, सुया अशाच असतात. ती गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या रिकाम्या.

फादर : हेही पुतळ्यानेच सांगितलं?

शिंपी : त्यानेच! वर म्हणाला, जा, तिला घेऊन ये, मला तिच्या जागी बसून अवघडायला झालंय.

(आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबतं.)

बायको : फादर, हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय.

शिंपी : अगंबाई, तू होतीस होय आत? घसा बरा आहे ना?

बायको : माझ्या मशीनचा आवाज ओळखत नाही म्हणे! अहो, पुतळा मी जाताना बहिणीकडे घेऊन गेले. हातगाडीवर घालून, तुमच्या डोळ्यांसमोरून. तेव्हाही काजंच करत होतात.

शिंपी : पुतळा... आपला तो?

बायको : आपलाच. मग रोज संध्याकाळी, माझ्या खुर्चीसमोर बसून, बोलत कोणाशी होतात?