"मी ह्याला वळखत न्हाई"

हिंगोलीच्या स्टँडवर बाळापूरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या पंचफुलाबाईच्या शेजारी दोन गवंडी बोलत होते. कुबडीवाला नेमसिंग कोर्टातून आला होता, रखमाजी त्याला घ्यायला.

"काय झालं, नेमसिंग?"

"जिंकलो! ठेकेदार जज सायबाला म्हने, हा माझ्या कामावर नव्हताच. मी ह्याला वळखतबी न्हाई."

"मंग?"

"मागल्या तारखेला साक्षीला उठलो अन् कुबडी घसरली. तवा त्योच वरडला, 'नेमसिंग, सांभाळ, परत पडशील!'"

"परत? आरं तिच्या!"

"सायबबी हसले. आज निकाल दिला. परांचीवरनं पडलो ती परांची त्याची, जबाबदारी त्याचीच, भरपाईबी त्यानंच द्यायची."

दोघं खो खो हसत सुटले. बाळापूरची गाडी लागली, पण पंचफुलाबाई उठली नाही.

"बाबा, तुझा वकील कुठं बसतो? माझा पोरगा अंगदबी बांधकामावरून पडून घरी हाय."

"चला मावशी, आत्ताच जाऊ. गाडी दुसरी येईल."