साहेबांचं जेवण

डॉक्टर : ...म्हणजे साहेबांचं वजन जवळजवळ दुप्पट झालंय, आणि घरात त्यांना जास्त कोणीच घालत नाही.

सून : मी तर जेवढ्यास तेवढं घालते, डॉक्टर. एक दिवसाआड, मोजक्या अळ्या.

सासू : माझा तर संबंधच नाही. मी आपली सोबत म्हणून आले. पिंजरा धरायला कोणीतरी हवं ना.

डॉक्टर : काकू, पाल उपाशी राहून फुगत नाही. पालीची चरबी शेपटीत साठते. ही शेपटी मानेएवढी हवी, तिचं पार रताळं झालंय. बगलेत हे फुगेही आलेत.

सासू : अहो, अंगलटच तशी. आमच्या घरात सगळेच भरदार.

डॉक्टर : पण साहेब तुमच्या रक्ताचे नाहीत, काकू. ती पाल आहे.

सासू : सहा वर्षं भरवलंय मी. रक्ताचं आणखी काय वेगळं असतं? मुलानं हौसेनं ही परदेशी पाल आणली आणि आठवड्यात हौस फिटली. तेव्हापासून चिमट्यात अळी धरून बसले ती मी. पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरी साहेबांचं चुकवलं नाही.

सून : नाही कोण म्हणतंय, आई?

सासू : म्हणत कोणीच नाही. मग ही आली. आली ती अभ्यास करूनच. दुकानातल्या अळ्यांत म्हणे कस नसतो. घरातच कोंडा घालून मीलवर्म अळ्या पाळल्या. त्यांना गाजराचे काप, त्यांना ओट्स. माझ्या शिवणाच्या टेबलाचा खण गेला त्यात.

सून : अळी जे खाते तेच शेवटी साहेबांच्या अंगी लागतं. वर कॅल्शियमची पावडर लावायची. बरोबर ना, डॉक्टर?

डॉक्टर : अगदी बरोबर. उपाशी अळी म्हणजे नुसतं साल.

सासू : ऐकलंत? सहा वर्षं मी साहेबांना सालं घातली.

डॉक्टर : ते सोडा. यकृताला सूज दिसतेय. असंच चालू राहिलं तर साहेब फार दिवस काढायचे नाहीत. आता खरं सांगा. ताई, एक दिवसाआड म्हणालात.

सून : आधी एक दिवसाआडच. मग रोज.

डॉक्टर : का?

सून : माझ्या हातून खाईनासे झाले होते. अळी पुढे केली की तोंड फिरवायचे. मी अर्धा अर्धा तास चिमटा धरून बसायचे, लाडीगोडी लावायचे. शेवटी एखादी घ्यायचे, उपकार केल्यासारखी.

डॉक्टर : पोट भरलेलं असणार.

सून : मला वाटलं, मी आवडत नाही.

डॉक्टर : काकू, तुम्ही काही म्हणालात?

सासू : मी कुठे काय म्हणाले?

सून : आई.

सासू : दुपारी. तू ऑफिसला गेलीस की. लोकरीच्या पिशवीत डबा आहे माझा.

सून : तरीच त्या पिशवीतून सुळसुळ यायची. मला वाटायचं, स्वेटर चाललाय.

सासू : स्वेटर कोणासाठी विणू? मुलाचा डबा तू करतेस, त्याची बटणं तू लावतेस. माझ्या हातचं खाणारं घरात हे एकच उरलंय. आणि साहेब माझ्याच हातून मनापासून जेवतात, असं तो स्वतः म्हणाला. वाईट वाटून घेऊ नकोस.

सून : कोण म्हणाला?

सासू : तुझा नवरा. तू माहेरी गेली होतीस तेव्हा.

सून : मला म्हणाला, साहेब आईकडे नुसते बघतात, जेवतात ते तुझ्याच हातून. आईला सांगू नकोस म्हणाला.

सासू : मलाही म्हणाला, तिला सांगू नकोस.

डॉक्टर : चिरंजीव करतात काय?

सून : विमा विकतात.

डॉक्टर : असं. तर आजपासून एकच हात. दोघींपैकी कोण भरवणार ते इथेच ठरवा.

सासू : यात ठरवायचं काय? सवय माझी आहे.

सून : आई, सगळं तुमच्या सवयीचं आहे. घर, मुलगा, भांडी लावायची रीतसुद्धा. मी केलेलं जेवताना 'आई असं करत नाही' असं न म्हणणारे घरात साहेब तेवढे आहेत. ते मी सोडायची नाही.

सासू : त्यांना बोलता येत नाही म्हणून.

डॉक्टर : मग साहेब पंधरा दिवस इथेच राहतील. मी भरवीन.

सासू : परक्याच्या हातून ते अळीला शिवायचे नाहीत.

सून : हो, डॉक्टर. ते तसे नाहीत. उपाशी मरतील.

डॉक्टर : एक देऊन बघतो.

(डॉक्टर चिमट्यात अळी धरून पिंजऱ्यात हात घालतात.)

सासू : घेतली?

सून : गिळलीसुद्धा.

डॉक्टर : जिभल्या चाटतायत बघा. या आता. पंधरा दिवसांनी फोन करा.

सून : दार जड आहे, आई. पायरी जपून.

सासू : जपतेय. मला वाटलं, निदान एकदा मान वळवून आपल्याकडे बघतील.

सून : मलाही वाटलं.

सासू : डॉक्टरनं चिमटा कसा धरला होता, पाहिलंस?

सून : उलटा.

सासू : आणि पावडर?

सून : लावलीच नाही.

सासू : तरी खाल्ली.